शाळेत आलेली परिचारिका

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गाचा हजेरीपट तुम्ही पाहिला असेल. रोज त्यात दोन-चार नावांपुढे गैरहजेरीची खूण असते. कोणी गावाला गेलेला असतो, कोणाला ताप आलेला असतो. तापाने निजलेला मुलगा बरा होऊन चार दिवसांनी परत वर्गात येतो. पण समजा, एखाद्या मुलाला त्याच्या आजारामुळे शाळेनेच घरी पाठवले आणि घरी त्याच्यावर उपचार करणारे कोणीच नसले तर? तो शाळेत परत कधी येणार?

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात अशी हजारो मुले होती. त्यांना पुन्हा वर्गात आणण्यासाठी धडपडणाऱ्या एका परिचारिकेची ही कथा आहे. परिचारिका म्हणजे नर्स. तिचे नाव होते लिलियन वॉल्ड.

लिलियनचा जन्म १० मार्च १८६७ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी या शहरात झाला. तिचे घराणे ज्यू धर्माचे होते आणि मूळचे युरोपातले होते. वडील चष्मे व दुर्बिणी यांसारख्या वस्तूंचा व्यापार करीत. लिलियन लहान असतानाच हे कुटुंब रॉचेस्टर या गावी राहायला गेले. घरात कशाचीच उणीव नव्हती. पुस्तके होती, संगीत होते, हौसेने शिकवणारी माणसे होती. वयाच्या सोळाव्या वर्षी लिलियनने एका नामांकित महाविद्यालयात प्रवेश मागितला. पण वय कमी आहे म्हणून तिला नकार मिळाला. पुढची काही वर्षे सुखात गेली. तरीही तिच्या मनाला चैन नव्हती. आपल्या हातून काहीतरी उपयोगाचे काम व्हावे, असे तिला सारखे वाटे.

एकदा तिची बहीण आजारी पडली. तिच्या शुश्रूषेसाठी एक शिकलेली परिचारिका घरी आली. तिचे शांत बोलणे, स्वच्छ आणि नीटनेटके काम लिलियनने जवळून पाहिले. आपणही हेच शिकायचे, असे तिने ठरवले. १८८९ साली ती न्यूयॉर्कला गेली आणि तिथल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या शाळेत दाखल झाली. १८९१ मध्ये तिचे शिक्षण पूर्ण झाले. त्यानंतर वर्षभर तिने एका बालगृहात नोकरी केली, पण तिथे मुलांना मिळणारी वागणूक तिला पटली नाही. तेव्हा डॉक्टर होण्यासाठी तिने वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले.

ती डॉक्टर झाली असती, तर कदाचित आज आपण तिचे नाव घेतले नसते. पण १८९३ साली एका सकाळी जे घडले, त्याने तिच्या आयुष्याची दिशाच बदलली.

न्यूयॉर्कच्या पूर्व भागात तेव्हा फार मोठी गरीब वस्ती होती. रशिया, पोलंड, इटली, आयर्लंड अशा देशांतून पोट भरण्यासाठी आलेली लाखो माणसे तिथे दाटीवाटीने राहत. पाच-पाच मजल्यांच्या जुन्या इमारती, अंधारे जिने, एकेका खोलीत सात-आठ माणसे. या वस्तीतल्या बायकांना घरच्या घरी आजाऱ्याची काळजी कशी घ्यावी, हे शिकवण्यासाठी लिलियन एक वर्ग घेत असे. त्या दिवशी अंथरूण नीट कसे घालावे, याचा धडा चालू होता. इतक्यात एक लहान मुलगी वर्गात आली. तिची आई आजारी होती आणि लिलियनने लगेच घरी यावे, असे तिचे म्हणणे होते.

लिलियन त्या मुलीच्या मागोमाग निघाली. घाणीने भरलेल्या गल्ल्या ओलांडून आणि अंधारा जिना चढून ती एका खोलीत पोचली. बाळंतीण झालेली आई मळलेल्या, रक्ताने भिजलेल्या अंथरुणावर पडून होती. दोन खोल्यांत सात माणसांचे कुटुंब होते आणि घरखर्चाला हातभार म्हणून त्यातच भाडेकरूही ठेवले होते. माणसे वाईट नव्हती. आळशीही नव्हती. ती फक्त गरीब होती आणि त्यांच्या मदतीला कोणी नव्हते. लिलियनने त्या बाईला स्वच्छ केले, अंथरूण बदलले, जमीन पुसून काढली. निघताना त्या घरातल्या माणसांनी कृतज्ञतेने तिचे हात हातात घेतले. तिला आनंद झाला नाही, उलट लाज वाटली. इतके हाल आपल्या शहरात आहेत आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नसावा, याची ती लाज होती.

तिने वैद्यकीय महाविद्यालय सोडले. आजारी माणूस आपल्याकडे येईल म्हणून वाट पाहायची नाही, आपणच त्याच्या शेजारी जाऊन राहायचे, असे तिने ठरवले. तिच्याबरोबर शिकलेली मेरी ब्रूस्टर ही मैत्रीणही तयार झाली. दोघींनी त्याच वस्तीत जेफर्सन स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एका इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर खोल्या घेतल्या. शेजारपाजारी कोणी आजारी पडले की लोक त्यांचे दार ठोठावू लागले. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, जेकब शिफ या धनवान गृहस्थांच्या मदतीने हेन्री स्ट्रीटवरील २६५ क्रमांकाचे घर मिळाले. तिथे हे काम वाढले आणि त्याला हेन्री स्ट्रीट सेटलमेंट हे नाव पडले. आता वस्तीतली लहानथोर माणसे लिलियनबाईंना ओळखू लागली होती.

या परिचारिका कशा काम करीत, ते ऐका. हातात औषधांची पिशवी घेऊन त्या दिवसभर घरोघर फिरत. रुग्ण कोणत्या धर्माचा, कोणत्या देशाचा, हे त्या विचारीत नसत. ज्याला जमेल त्याने थोडे पैसे द्यावेत, ज्याला जमणार नाही त्याने देऊ नयेत, असा नियम होता. एका इमारतीचे पाच जिने उतरून शेजारच्या इमारतीचे पाच जिने पुन्हा चढण्यात वेळ आणि शक्ती दोन्ही जात. म्हणून त्या एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जात आणि तिथून खाली उतरत. लांब झगा घातलेली, हातात पिशवी घेतलेली परिचारिका दोन गच्च्यांमधली भिंत ओलांडत आहे, असे त्या काळातले एक छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे.

या कामाच्या सुरुवातीच्या दिवसांतच एका मुलाची गाठ लिलियनबाईंशी पडली. मुलगा बारा वर्षांचा होता. त्याची आई रडत होती, कारण मुलाला अजून वाचता येत नव्हते. त्याच्या डोक्यावर इसब झाले होते. इसब म्हणजे कातडीला खाज सुटते, चट्टे पडतात, पाणी येते. शाळेत गेला की डोके पाहून त्याला परत पाठवले जाई. असे करता करता तो बारा वर्षांचा झाला, पण शाळेत एक दिवसही बसला नव्हता. आई अडाणी होती, तरी मुलाचे कुठे अडले आहे हे तिला बरोबर समजले होते.

लिलियनबाईंनी त्याच्या डोक्यावर नेमाने औषध लावले, डोके स्वच्छ ठेवले. हळूहळू इसब बरे झाले. सप्टेंबर महिन्यात शाळा उघडली, तेव्हा त्यांनी त्याला स्वतः प्रयत्न करून शाळेत प्रवेश मिळवून दिला. दुसऱ्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत तो पाच जिने धावत चढून वर आला. सकाळी शिकलेल्या छोट्या छोट्या शब्दांचे स्पेलिंग त्याला बाईंना म्हणून दाखवायचे होते.

मित्रांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता आणि आज हा पाठ मराठीत वाचता आहात. नव्या भाषेतला पहिला शब्द आपला आपण वाचता आला, की मनाला किती आनंद होतो, हे तुम्हांला सांगायला नको. त्या मुलाला तो आनंद बारा वर्षे मिळाला नव्हता. त्याला कोणता असाध्य रोग नव्हता. थोडे औषध आणि थोडी स्वच्छता एवढेच हवे होते. लिलियनबाईंच्या मनात हे घर करून राहिले.

तेव्हाच्या शाळांत आणखी एक उलटा प्रकार घडत असे. ज्यांना खरोखर घरी राहायला हवे, अशी मुले वर्गात बसत. स्कार्लेट ताप नावाचा एक तीव्र सांसर्गिक रोग आहे. त्यात अंगावर लाल पुरळ येते आणि पुढे कातडीची साले निघतात. अशी साले निघत असलेला एक मुलगा लिलियनबाईंना चक्क शाळेत बसलेला आढळला. त्या त्याला थेट शहराच्या आरोग्य खात्याच्या प्रमुखांकडे घेऊन गेल्या. शाळेत मुलांची तपासणी का हवी, हे समजावण्यासाठी याहून चांगला पुरावा कोणता असणार?

१८९७ साली न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने शाळांसाठी डॉक्टर नेमले. ते रोज तासभर शाळेत येत आणि मुलांना तपासत. १९०२ मध्ये ही तपासणी अधिक कडक झाली. तेव्हा कितीतरी मुलांच्या डोळ्यांत खुपऱ्या आढळल्या. खुपऱ्या हा डोळ्यांचा वाईट रोग आहे. पापण्यांच्या आत खरखरीत पुटकुळ्या येतात. वारंवार रोग झाला की पापणी आत वळते, तिचे केस बुबुळावर घासतात आणि शेवटी दृष्टी जाऊ शकते. हात, टॉवेल, माश्या यांतून तो पसरतो. याशिवाय खरूज, नायटा, डोक्यातल्या उवा यांनीही मुले हैराण झाली होती. डॉक्टर तपासत, रोग दिसला की मुलाला घरी पाठवत. त्यांचे चुकत होते असे नाही. एका मुलाचा रोग चाळीस मुलांना लागू नये, ही काळजी घ्यायलाच हवी होती.

पण घरी गेल्यावर काय होई? मुलांचे आईबाप दिवसभर कामावर असत. अनेकांना इंग्रजी वाचता येत नसे. आपल्या मुलाला नेमके काय झाले आहे आणि त्यावर काय करायचे, हे त्यांना समजत नसे. दवाखान्यात जायला वेळ नसे, पैसा नसे. मुलाचा रोग तसाच राही आणि अभ्यास बुडत जाई. थोडी मोठी मुले मग आईबापांबरोबर कामाला लागत. त्यांची शाळा कायमचीच सुटे.

त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. दुपारी शाळा सुटली की बाकीची मुले घरी येत आणि त्याच गल्लीत, त्याच जिन्यावर या घरी पाठवलेल्या मुलांबरोबर खेळत. म्हणजे वर्गात ज्यांना दूर ठेवले, त्यांचा संसर्ग संध्याकाळी खेळताना होतच असे. शाळा रिकामी होत होती, पण रोग काही हटत नव्हता.

लिलियनबाईंच्या ध्यानात आले, की इथे अर्धेच काम होत आहे. रोग ओळखणारा माणूस शाळेत आहे, रोग बरा करणारे कोणी नाही. त्यांनी शहराच्या अधिकाऱ्यांपुढे एक योजना मांडली. आमच्या संस्थेची एक परिचारिका आम्ही एक महिना शाळांना देतो, असे त्यांनी सांगितले. मात्र त्यांची एक अट होती. प्रयोग यशस्वी झाला, तर शाळांतल्या परिचारिकांचा खर्च पुढे शहराने करावा, यासाठी अधिकाऱ्यांनी आपले वजन खर्च करायचे. दानधर्मावर चालणारे काम दाता थांबला की थांबते. मुलांचे आरोग्य अशा भरवशावर ठेवू नये, असे बाईंचे मत होते. त्याआधी लंडनमध्येही परिचारिका शाळांत जात असत, पण ते काम देणग्यांवर चाले. न्यूयॉर्कमध्ये बाईंना ती शहराची जबाबदारी करायची होती.

अधिकारी तयार झाले. ज्या शाळांतून सर्वांत जास्त मुले घरी जात होती, अशा चार शाळा निवडण्यात आल्या. या कामासाठी लीना रॉजर्स या परिचारिकेची नेमणूक झाली. लीना मूळच्या कॅनडा देशातल्या. १ ऑक्टोबर १९०२ रोजी त्यांनी कामाला सुरुवात केली.

लीना रॉजर्स रोज शाळाशाळांत जात. डॉक्टरांनी निवडलेली मुले एकेक करून त्यांच्यापुढे येत. कोणाचे डोळे धुवायचे, कोणाच्या फोडाला पट्टी बांधायची, कोणाच्या नायट्याला औषध लावायचे. उपचार झाला की मूल परत आपल्या वर्गात जाऊन बसे. त्याला घरी जावे लागत नसे. शाळा सुटल्यावर लीना मुलांच्या घरी जात. औषध कसे लावायचे, टॉवेल वेगळा का ठेवायचा, केस कसे स्वच्छ करायचे, हे त्या आईला समोर बसून करून दाखवीत. कोणाला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवे असेल, तर तसे सांगत. वाचता न येणाऱ्या आईलाही डोळ्यांनी पाहिलेले समजते. कागदावरच्या सूचनेने जे होत नव्हते, ते या भेटींनी होऊ लागले.

महिना संपला. त्या एका महिन्यात लीना रॉजर्स यांनी ८९३ मुलांवर उपचार केले आणि १३७ वेळा घरभेटी दिल्या. ज्यांच्याकडे तोवर कोणीच पाहिले नव्हते, अशा २५ मुलांना त्यांनी शाळेत परत आणले. आकडा लहान वाटेल; पण त्या बारा वर्षांच्या मुलाची आठवण करा आणि मग २५ घरांतला आनंद मोजा.

अधिकाऱ्यांची खात्री पटली. शहराने आपल्या तिजोरीतून पगार देऊन शाळांसाठी आणखी परिचारिका नेमल्या. परिणाम वर्षभरात दिसला. सप्टेंबर १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतून १०,५६७ मुलांना आजारामुळे घरी पाठवले होते. सप्टेंबर १९०३ मध्ये ही संख्या १,१०१ वर आली. मुले तीच होती, वस्ती तीच होती, गरिबीही तशीच होती. फरक एवढाच, की आता शाळेतील तपासणीचा हेतू बदलला होता. पूर्वी आजारी मुलाला बाहेर काढण्यासाठी तपासणी होई. आता त्याला बरे करून वर्गात ठेवण्यासाठी होऊ लागली. पुढे अमेरिकेतील इतर शहरांनीही शाळांत परिचारिका नेमल्या. लीना रॉजर्स १९१० मध्ये आपल्या मूळ देशात, कॅनडातल्या टोरांटो शहरात गेल्या आणि तिथल्या शाळांतही हे काम त्यांनी उभे केले.

लिलियनबाई मात्र एवढ्यावर थांबल्या नाहीत. १९०३ सालची गोष्ट. एके दिवशी सकाळी त्या न्याहारी करीत वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यात एक बातमी होती. दक्षिणेकडील राज्यांत कापसाच्या बोंडांवर कीड पडली होती आणि तिची पाहणी करायला देशाच्या सरकारातले शेती खात्याचे मंत्री जाणार होते. ज्यांच्या घरी कापूस पिकतो, त्यांना बोंडावरची कीड म्हणजे काय हे ठाऊक आहे. सरकारने तिकडे लक्ष द्यायलाच हवे. पण बाईंच्या मनात आले, पिकाच्या किडीसाठी सरकारात खाते आहे, मग दरवर्षी इतकी लहान मुले का मरतात, किती मुले कामाला जुंपली जातात, हे पाहणारे खाते का नाही? त्यांनी आपल्या सहकारी फ्लॉरेन्स केली यांच्याबरोबर ही कल्पना पुढे नेली. काम सोपे नव्हते. नऊ वर्षे पत्रे, सभा आणि भेटीगाठी चालल्या. अखेर १९१२ साली अमेरिकेच्या सरकारने मुलांसाठी वेगळे कार्यालय स्थापन केले.

हेन्री स्ट्रीटच्या घरामागच्या अंगणात बाईंनी मुलांसाठी खेळायची जागाही केली होती. झोपाळे, वाळू, फुलांची रोपे. ज्यांना खेळायला फक्त रस्ता होता, त्या मुलांना ते अंगण म्हणजे बागच वाटे. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या परिचारिकांना एकत्र आणून घरोघर पाठवण्याचे काम त्यांनीच अंगावर घेतले. चाळीस वर्षे त्या हेन्री स्ट्रीटला राहिल्या. प्रकृती ढासळली तेव्हा, १९३३ साली, त्यांनी संस्थेचे काम दुसऱ्यांच्या हाती सोपवले. १ सप्टेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेली संस्था हेन्री स्ट्रीटवरच्या त्याच घरात आजही काम करीत आहे.

मित्रांनो, ही परदेशातली जुनी गोष्ट असली, तरी ती तुमच्या ओळखीची आहे. आपल्या देशात २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची सुरुवात महाराष्ट्रातील पालघर येथून झाली. या कार्यक्रमातील डॉक्टर आणि परिचारिका अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलांना तपासतात आणि गरज असेल त्यांना पुढील उपचारांसाठी पाठवतात. खुपऱ्यांनी एके काळी आपल्या देशातही पुष्कळांची दृष्टी नेली. भारतात सार्वजनिक आरोग्याला या रोगाचा धोका उरलेला नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले. अशी कामे एका दिवसात होत नाहीत. त्यामागे घरोघर, शाळाशाळांत फिरलेली असंख्य माणसे असतात.

तुमच्या शाळेत तपासणीसाठी डॉक्टर येतील, तेव्हा मागच्या बाकावर लपू नका. फळ्यावरची अक्षरे पुसट दिसत असतील, कान दुखत असेल, अंगाला खाज सुटत असेल, तर सांगायला लाजू नका. त्यांनी दिलेला कागद दप्तरात पडू देऊ नका. घरी अम्मी-अब्बांना मराठी वाचता येत नसेल, तर तो तुम्ही त्यांना वाचून दाखवा आणि उर्दूत समजावून सांगा. आणि वर्गातला एखादा मित्र बरेच दिवस दिसला नाही, तर संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन तो का येत नाही, याची चौकशी करा.

स्वाध्याय

१. लिलियनने वैद्यकीय महाविद्यालय का सोडले?
२. बारा वर्षांच्या मुलाला वाचता का येत नव्हते? तो शाळेत कसा जाऊ लागला?
३. आजारी मुलांना घरी पाठवूनही रोग का हटत नव्हता?
४. परिचारिका देताना लिलियनबाईंनी कोणती अट घातली? त्यामागे त्यांचा काय विचार होता?
५. तपासणीचा हेतू बदलला, म्हणजे काय झाले? तुमच्या शब्दांत लिहा.
६. तुमच्या शाळेत झालेल्या आरोग्य तपासणीविषयी मराठीत आठ-दहा वाक्ये लिहा.